पाळणागीताखालचा आवाज

२७ मे १९६१ रोजी प्रदर्शित झालेला 'पासमलर' हा तमिळ चित्रपट १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने सगळ्यांचा झाला. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचं संरक्षण प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं मोजतात, त्यामुळे १९६१ च्या चित्रपटांची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली. आता तो कुणीही स्कॅन करावा, साफ करावा, थिएटरात लावावा. जुन्या चित्रपटाच्या चित्राचं काय करायचं यावर निदान वाद तरी होतात. कृष्णधवल चित्रात रंग भरावेत का, जवळजवळ चौकोनी चौकट वर-खाली कापून रुंद पडद्याला बसवावी का, यावर लोक तावातावाने बोलतात. आवाजाची पाळी आली की मात्र 'आता ५.१ डिजिटल ध्वनीसह' (५.१ म्हणजे सहा स्पीकरांत वाटलेला आवाज) ही ओळ जाहिरातीत कौतुकाने छापली जाते आणि कुणालाच काही खटकत नाही.

मला ते खटकतं. सार्वजनिक पैशातून किंवा सार्वजनिक संग्रहातल्या प्रतीवरून जुना चित्रपट दुरुस्त होत असेल, तर त्याचा मूळ मोनो, म्हणजे एकाच स्पीकरवाटे येणारा, आवाज न बदलता जतन करणं आणि प्रेक्षकाला तो मिळण्याची सोय करणं ही सक्तीची अट असली पाहिजे. नवा आवाज हवा त्याने तो शेजारी ठेवावा, जुन्याच्या जागी नाही. कौटुंबिक चित्रपटांच्या बाबतीत हे फार निकडीचं आहे आणि त्याचं कारण 'पासमलर'मध्ये स्पष्ट दिसतं.

तमिळमधला 'पासम' म्हणजे माया, जिव्हाळा. शब्द मुळात संस्कृत 'पाश'. आपण मायापाश म्हणतो, तमिळने त्यातला फास सोडला आणि माया ठेवली. मलर म्हणजे फूल. आई-बाप नसलेला भाऊ आणि त्याची धाकटी बहीण, राजशेखरन आणि राधा, म्हणजे शिवाजी गणेशन आणि सावित्री. बहिणीने साठवलेल्या पैशांतून भाऊ धंदा उभा करतो, श्रीमंत होतो. बहिणीचं प्रेम जडतं ते कामगारांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या आनंदनवर, म्हणजे जेमिनी गणेशनवर. लग्न होतं, घरं दुरावतात आणि शेवटी भाऊ-बहीण एकमेकांजवळ प्राण सोडतात. गोष्ट एवढीच. कथा के. पी. कोट्टारक्करा यांची, संवाद आरूरदास यांचे, दिग्दर्शन ए. भीमसिंग यांचं.

त्या काळात भीमसिंग ओळीने कौटुंबिक चित्रपट काढत होते आणि त्यांतल्या कितीतरी चित्रपटांची नावं एकाच अक्षराने सुरू होत: 'पति भक्ति' (१९५८), 'भाग पिरिविनै' (१९५९), 'पडिक्काद मेदै' (१९६०), आणि एकट्या १९६१ मध्ये 'पाव मन्निप्पु', 'पासमलर', 'पालुम पळमुम'. तमिळ लिपीत प, ब आणि भ यांना एकच अक्षर आहे, म्हणून 'भाग'सुद्धा याच ओळीत बसतो. यांतल्या बहुतेकांचं संगीत विश्वनाथन–राममूर्ती या जोडीचं. एम. एस. विश्वनाथन हार्मोनियमवर चाली बांधणारे, टी. के. राममूर्ती व्हायोलिनवादक आणि कर्नाटक संगीतात मुरलेले. १९५२ ते १९६५ अशी तेरा वर्षं ते जोडीने काम करत होते. 'पासमलर'ची गाणी कण्णदासन यांनी लिहिली.

आता हिंदी आणि तेलुगूचा हिशेब पाहा. १९६२ मध्ये भीमसिंग यांनीच हा चित्रपट 'राखी' नावाने हिंदीत केला. अशोक कुमार आणि वहिदा रेहमान भाऊ-बहीण झाले आणि त्या भूमिकेसाठी अशोक कुमार यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तेलुगूत एन. टी. रामाराव आणि सावित्री यांचा 'रक्त संबंधम' आला. गोष्ट तीन भाषांत गेली. संगीत गेलं नाही. हिंदीत रवी यांनी आणि तेलुगूत घंटसाला यांनी सगळं नव्याने बांधलं. तेव्हा 'पासमलर'चं म्हणून जे काही आहे, दुसऱ्या कुठल्याही रूपात जे मिळत नाही, ते मुख्यतः त्याच्या आवाजात आहे. शिवाजींचं बोलणं, सावित्रीचा हुंदका, टी. एम. सौंदरराजन आणि पी. सुशीला यांचे गळे आणि या सगळ्यांखालून वाहणारा वाद्यमेळ.

'मलर्न्दुम मलराद' हे पाळणागीत घ्या. दुरावलेले भाऊ आणि बहीण आपापल्या लेकराला जोजवताना ते गातात. कडव्यांमध्ये आत्याची मुलगी येते, मामा येतो, मामाने आणलेल्या भेटी येतात. तमिळ घरांत मामा-आत्याच्या मुलांची लग्नं जुळतात, आपल्याकडेही अनेक समाजांत मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत होती, म्हणून हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पाळण्यातल्या मुलांच्या नावाने भाऊ-बहीण तुटलेलं नातं पुढच्या पिढीत जोडू पाहतात. हे कुणी संवादात म्हणत नाही, गाणं म्हणतं. त्याची लय जोजवण्याची आहे, आवाज मोठा नाही. त्यात जागा मोकळी आहे, आणि ती मोकळी जागा हाच त्याचा अर्थ आहे. उलट 'वाराय एन तोळी' हे लग्नातलं गाणं पाहा. एल. आर. ईश्वरी यांचा तरतरीत आवाज, मागे मैत्रिणींचा कोरस. या गाण्याने ईश्वरी घराघरांत पोचल्या आणि तमिळ लग्नांत ते आजही वाजतं. दोन गाण्यांतला हा फरक वाद्यांच्या निवडीइतकाच पातळीचाही आहे: किती जोरात, किती जवळून, किती रिकामी जागा सोडून. तो फरक त्या वेळी मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळायला, बसलेल्या माणसांनी ठरवला होता.

आणि शेवट. आंधळा झालेला भाऊ बहिणीशी बोलता बोलता 'कै वीसम्मा कै वीसु' हे लहान मुलाला हात हलवायला शिकवतानाचं बडबडगीत म्हणतो. हे गाणं नाही. चाल जेमतेम आहे. पण तमिळ प्रेक्षकाला साठ वर्षांनंतरही हा चित्रपट आठवतो तो या ओळीने. अशा जागी पार्श्वसंगीत किती असावं, कुठे थांबावं, श्वास कितपत ऐकू यावा हे सगळं संवादाइतकंच चित्रपटाचा भाग आहे.

गाणी टिकतील, असं आपण धरून चालतो, कारण ती तबकड्यांवर निघाली. हा समज अर्धाच खरा आहे. त्या काळच्या १० इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास आवाज मावत असे. चित्रपटातलं गाणं साडेचार मिनिटांचं असेल, तर तबकडीसाठी कडवं गाळायचं, मधले वाद्यांचे तुकडे छाटायचे, नाहीतर गाणं दोन बाजूंवर तोडायचं. चित्रपटात गाण्याच्या मध्ये येणारा संवाद, पैंजण, पाळण्याची करकर तबकडीवर नसते. म्हणजे आपण रेडिओवर ऐकतो ते गाणं आणि पडद्यावरचं गाणं ही पुष्कळदा दोन वेगळी ध्वनिमुद्रणं किंवा दोन वेगळी संपादनं असतात. पार्श्वसंगीत तर तबकडीवर आलंच नाही. मद्रासच्या स्टुडिओंत त्याला आजही री-रेकॉर्डिंग म्हणतात: पडद्यावर रीळ चाललंय, समोर वादक बसलेत, आणि संगीतकार चित्राकडे बघत हात उचलतोय. ते संगीत ज्या फिल्मवर उतरलं तिच्याशिवाय दुसरीकडे कुठेही नाही.

ती फिल्म म्हणजे काय, ते थोडं नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी चूक इथे सुरू होते.

३५ मिमी प्रिंटवर चित्राची चौकट आणि कडेची भोकं यांच्या मधोमध सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी असते. आवाज तिथे प्रकाशाने छापलेला असतो. काही यंत्रणांत पट्टीची काळी-पांढरी रुंदी बदलते, काहींत राखाडी छटेची घनता बदलते. प्रोजेक्टरमधला बारीक दिवा त्या पट्टीतून प्रकाश पाठवतो, पलीकडचा सेल प्रकाशातले चढउतार विजेत बदलतो आणि ती वीज स्पीकरपर्यंत जाते. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट या वेगाने धावते. १६० मिनिटांचा चित्रपट म्हणजे १४,४०० फूट फिल्म. चित्र आणि आवाज वाचायच्या जागा प्रोजेक्टरमध्ये वेगळ्या असतात, म्हणून आवाज त्याच्या चित्रापेक्षा २० फ्रेम पुढे छापतात. मूळ साहित्यात चित्राची निगेटिव्ह वेगळी आणि साउंड निगेटिव्ह वेगळी, आणि दोन्ही एकत्र छापलेल्या प्रतीला मॅरीड प्रिंट म्हणतात.

संवाद, संगीत आणि इतर आवाज, सगळे या एकाच पट्टीत मिसळलेले आहेत. नंतर वेगळे करता येतील असे सुटे ट्रॅक त्या काळच्या बहुतेक चित्रपटांचे उरलेलेच नाहीत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की 'नवं पार्श्वसंगीत टाकू' या प्रस्तावाचा खरा अर्थ कळतो. जुनं संगीत काढायचं तर ते संवादाच्या अंगावरून सोलून काढावं लागतं. आजची सॉफ्टवेअर हे करतात, पण सोलताना संवादाची कातडीही निघते. शब्दाच्या शेवटचा उतरता स्वर जातो, श्वास जातो, खोलीचा घुमारा जातो. शिवाजी गणेशन यांच्यासारखा नट, जो वाक्याच्या शेवटाला आवाज कुजबुजीपर्यंत उतरवतो, त्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ती कुजबुज आणि तिच्याखालचं व्हायोलिन स्वरांच्या एकाच पट्ट्यात असतात, एकाला धरलं की दुसरं सुटतं. मग कोरड्या पडलेल्या संवादाखाली कीबोर्डवरचा भरगच्च तंतुवाद्यांचा थर घालतात आणि सहा स्पीकरांत पसरवतात. यातून जे तयार होतं ते १९६१ चं नसतं आणि आजचंही नसतं.

नव्याने संगीत न घालता फक्त सफाई केली तरी धोके आहेत, आणि ते अज्ञानातून येतात.

सर्वांत मोठी चूक अकॅडमी कर्व्ह विसरण्याची. १९३८ मध्ये ठरलेल्या या मानकाप्रमाणे थिएटरची ध्वनियंत्रणा वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम उतरवत असे, ८ किलोहर्ट्झच्या पुढे तर फारसं काही ऐकूच येत नसे. फिल्मच्या खरखरीवर हा उपाय होता. थिएटरात वरचे स्वर दबणार हे माहीत असल्यामुळे ध्वनिमुद्रकही आवाज जरा तेजच ठेवत. आज ती पट्टी कर्व्ह न लावता सरळ वाजवली की आवाज टोचतो, खरखर करतो. अननुभवी माणसाला वाटतं मूळच खराब होतं, आणि तो नॉइज रिडक्शनचा, म्हणजे खरखर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हातोडा उचलतो. खरं तर आधी कर्व्ह लावून ऐकायचं असतं. निम्मी खरखर तिथेच बसते.

नॉइज रिडक्शन आंधळं असतं. त्याला सतत चालणारी सळसळ म्हणजे कचरा वाटतो. पण बासरीतली फुंक, तारेवर गज घासल्याचा आवाज, गायिकेने ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास, हे सगळं सळसळीसारखंच दिसतं. जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि शांत जागी बारीक किणकिण उमटते. पाळणागीताच्या बाबतीत हे घातक आहे, कारण तिथल्या शांत जागा म्हणजेच गाणं. टकटक काढणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच: धुळीच्या कणाचा टक आणि तबल्याच्या चाटेचा आरंभ त्याला एकसारखा वाटतो. मर्यादा कडक ठेवली की प्रत्येक थाप बोथट होते. विजेच्या गुणगुणीसाठी ५० हर्ट्झ आणि तिच्या पटी कापतात. काप रुंद घेतला तर पुरुषगायकाच्या खर्जाचा भरणा जातो.

सौंदरराजन किंवा सुशीला यांच्या गाण्यात 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू आले, तर तो बहुधा गायकाचा किंवा मायक्रोफोनचा दोष नसतो. पट्टी छापताना प्रकाश जास्त-कमी पडला की काळ्याची कड पसरते आणि उंच स्वर विद्रूप होतात. निगेटिव्ह ज्या घनतेला डेव्हलप केली, त्याला जुळणाऱ्या घनतेचीच प्रिंट काढली तर दोन्हींची पसरण एकमेकींना खोडते. घाईत काढलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या, म्हणजे प्रतीवरून प्रत असं करत आलेल्या, प्रतीत हा ताळमेळ राहत नाही. यावर इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारं साधन, हा उपाय नाही. साउंड निगेटिव्हपर्यंत परत जायचं, तीच स्कॅन करायची आणि कडेची पसरण तिथे दुरुस्त करायची, हा उपाय आहे. म्हणून कुठल्याही पुनरुज्जीवनाबाबत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की आवाज कशावरून घेतला, साउंड निगेटिव्हवरून, प्रिंटवरून, की एखाद्या जुन्या व्हिडिओ टेपवरून.

गावोगावच्या थिएटरांत फिरलेल्या प्रिंटची वेगळीच कहाणी. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून जोड मारायचा. आवाज २० फ्रेम पुढे असल्यामुळे चित्र एका ठिकाणी उडी मारतं आणि आवाज त्यापासून पाऊण सेकंदाहून थोडा जास्त अंतरावर. जोडावर काळ्या शाईचा किंवा पट्टीचा त्रिकोण नीट लावला नसेल, तर तिथे धप्प आवाज येतो. आता दुरुस्ती करणाऱ्याने गेलेल्या चित्रफ्रेम दुसऱ्या प्रिंटवरून भरल्या आणि आवाज तसाच ठेवला, तर तिथून पुढे ओठ आणि शब्द विलग होतात. असे दहा जोड साचले की रीळ संपेपर्यंत अर्धा सेकंद सहज सरकतो. गाण्यात हे लगेच कळतं. संवादात प्रेक्षकाला फक्त काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं आणि तो दोष नटाला देतो.

एक दोष मात्र घरबसल्या पकडता येतो. भारतातलं जुनं टीव्ही प्रसारण आणि बऱ्याच डीव्हीडी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम. २४ चा चित्रपट त्यावर उतरवताना सर्रास २५ ने पळवला जातो. परिणामी १६० मिनिटांचा चित्रपट सुमारे १५३ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो, आणि आवाज जवळजवळ पाऊण अर्धस्वराने, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीला थोडा कमी इतका, वर चढतो. सुशीला बालिश वाटतात, सौंदरराजन यांचा भरदार आवाज किरटा होतो, पाळणा घाईने हलतो. अशाच प्रतींवरून इंटरनेटवरच्या कितीतरी प्रती निघाल्या आहेत. हार्मोनियम घेऊन बसणाऱ्या कुणालाही हे तपासता येईल. स्वर दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकत असेल, तर आधी वेगावर शंका घ्यावी.

याच्या विरोधातलं म्हणणं मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. मार्च २०१२ मध्ये याच संगीतकार जोडीचा, शिवाजींचाच 'कर्णन' (१९६४) डिजिटल दुरुस्ती करून पुन्हा लावला गेला आणि तो चेन्नईत शंभर दिवसांहून जास्त चालला. जुना चित्रपट तिकीटबारीवर पैसे देतो हे त्याने दाखवून दिलं. त्यामुळे इतरांनी हिंमत केली, डबे उघडले, प्रती वाचल्या. व्यापारी सांगतात की मल्टिप्लेक्समध्ये बसलेल्या पंचविशीतल्या प्रेक्षकाला समोरच्या एकाच स्पीकरमधून येणारा आवाज मेलेला वाटतो. चारही बाजूंनी आवाज नसेल तर तो येणारच नाही, आणि तो आला नाही तर दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा?

खर्चाचंच पाहू. १६० मिनिटांच्या चित्रपटात २,३०,४०० फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेम ४के मध्ये स्कॅन केली की सुमारे ५० मेगाबाइटची फाइल होते, म्हणजे फक्त कच्च्या चित्रासाठी साडेअकरा टेराबाइट जागा. याच चित्रपटाचा मोनो आवाज ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा उत्तम दर्जात उतरवला, तर तो पावणेतीन गिगाबाइटच्या आसपास बसतो, खिशातल्या पेन ड्राइव्हवर. चित्राच्या तुलनेत आवाज जवळजवळ फुकट आहे. मूळ आवाज ठेवायला परवडत नाही, हे म्हणणं आकड्यांपुढे टिकत नाही. थिएटरचीही अडचण नाही. डिजिटल प्रतीत मोनो आवाज फक्त मधल्या, म्हणजे तिसऱ्या चॅनेलवर ठेवता येतो. पडद्यामागचा मधला स्पीकर बोलतो, बाकीचे गप्प राहतात, १९६१ मध्ये तो जसा यायचा तसाच. एकाच चित्राला दोन वेगळे ध्वनिपर्याय जोडून पाठवता येतात. सकाळचा खेळ मूळ आवाजात आणि संध्याकाळचा ५.१ मध्ये लावायला कुठलीही यंत्रणा आड येत नाही. मग प्रेक्षकाला मूळ आवाज नकोच आहे, हे आपण त्याला न विचारताच ठरवतोय.

आणि मोनो मेलेला असतो हा समजही चुकीचा. चांगल्या साउंड निगेटिव्हवरून, योग्य कर्व्ह लावून, योग्य वेगाने वाजवलेला मोनो आवाज पडद्याच्या मधोमध, नटाच्या तोंडाशी उभा राहतो. आपण ज्याला मेलेला मोनो म्हणून ओळखतो तो बहुतेक वेळा चौथ्या पिढीची प्रिंट, चुकीचा वेग आणि बेसुमार सफाई यांचा परिणाम असतो. आधी मूळ बिघडवायचं आणि मग ते बिघडलंय म्हणून बदलायचं, हा न्याय नव्हे.

कायदा इथे विचित्र जागी येऊन थांबतो. चित्रपट मोकळा झाला, पण त्यातले शब्द आणि सुरावटी मोकळ्या झाल्या नाहीत. कण्णदासन १९८१ मध्ये गेले, त्यांच्या गीतांचं संरक्षण मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०४१ अखेरपर्यंत. जोडीने केलेल्या रचनेची मुदत शेवटी गेलेल्या भागीदारापासून मोजतात. राममूर्ती २०१३ मध्ये गेले, विश्वनाथन २०१५ मध्ये, म्हणजे संगीत २०७५ अखेरपर्यंत. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कर्त्याला, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांना, कृतीची नामुष्की होईल अशी मोडतोड थांबवायचा हक्क देतं. कागदावर हे भक्कम आहे. पण पार्श्वसंगीताला ते कितपत वाचवील? १९५७ च्या कायद्यात संगीतकृतीची व्याख्या लिहिलेल्या किंवा छापलेल्या सुरावटीपुरती होती, ती अट १९९४ मध्ये निघाली. १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता मानला. त्यामुळे स्टुडिओत चित्र बघत बसवलेलं, ज्याची स्वरलिपी बहुधा उरलेलीच नाही, असं दोन मिनिटांचं व्हायोलिन पुसलं गेलं तर त्याच्या बाजूने कोर्टात जाणारा माणूस सापडणं अवघड आहे. हक्क आहे, पण रखवालदार नाही. म्हणून मी खासगी हक्कांवर विसंबू नका म्हणतो. सार्वजनिक अट हवी.

ती अट घालायची जागा पुण्यात आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झालं, पी. के. नायर यांनी १९९१ पर्यंत तिथे देशभरातले डबे गोळा केले. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये देण्याची घोषणा त्याच वर्षी झाली. एवढं मोठं काम आणि एवढा पैसा यापूर्वी कधी नव्हता, म्हणून नियम आत्ताच लिहून घ्यायला हवेत. प्रत्येक चित्रपटाचा आवाज आधी कुठलीही सफाई न करता उतरवून कायमचा ठेवावा, म्हणजे आजची चूक उद्याच्या चांगल्या साधनाने सुधारता येईल. त्यावरून केलेला संयत मोनो आवाज प्रत्येक प्रदर्शित प्रतीत असावा. आवाज कशावरून घेतला, वेग किती, काय काढलं, काय नवं घातलं, हे चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवर लिहावं. नवं पार्श्वसंगीत घातलं असेल तर नव्या संगीतकाराचं नाव तिथे यावं. विश्वनाथन–राममूर्ती यांच्या नावावर दुसऱ्याचं काम खपवणं हा त्या दोघांवर आणि प्रेक्षकावर अन्याय आहे.

पुस्तकांसाठी १९५४ पासून कायदा आहे, प्रकाशकाने ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत द्यायचीच. चित्रपट त्या कायद्यात कधी आलाच नाही. याची किंमत आपण मोजलेली आहे. कृष्णधवल प्रिंटमधली चांदी काढण्यासाठी रिळं विकली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि शेकडो जुने चित्रपट गेले. 'पासमलर'च्या काळातली फिल्म नायट्रेटची नाही, ॲसिटेटची आहे. ती नायट्रेटसारखी पेट घेत नाही, पण सडते. दमट उकाड्यात तिचा पाया विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड सुटतं, डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. हे ॲसिडच पुढचं विघटन वाढवतं आणि त्याची वाफ शेजारच्या डब्यांनाही लागते. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मला ही कीड लागायला सुमारे ५० वर्षं लागतात. मद्रासच्या हवेत त्याहून कितीतरी कमी. फिल्म आक्रसते, एक टक्क्याच्या आसपास आक्रसली की दातेरी चाकांच्या यंत्रावर चढत नाही. चित्राच्या चौकटीतली लहर सॉफ्टवेअरने सरळ करता येते. आवाजाच्या पट्टीतली लहर मात्र सुराच्या हेलकाव्यात बदलते, आणि तो हेलकावा गायकाच्या गमकापासून वेगळा ओळखणं फार कठीण.

हे फक्त तमिळचं दुखणं नाही. 'जगाच्या पाठीवर' १९६० चा, त्याच पिढीतली फिल्म, आवाजाची तीच पट्टी. चित्रपट म्हणून तोही २०२१ पासून मोकळा, पण माडगूळकरांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि सुधीर फडके यांचं संगीत २०६२ अखेरपर्यंत संरक्षित. त्याच्या पार्श्वसंगीतावर उद्या कुणी कीबोर्डचा थर चढवला तर आपण मराठी माणसं हळहळू. मग तमिळ पाळणागीताच्या वेळी गप्प का बसावं?

डब्यातली फिल्म किती सडली आहे हे मोजायला रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात एक पट्टी दिवसभर ठेवायची. निळी राहिली तर फिल्म ठीक, हिरवट झाली तर सुरुवात झाली, पिवळी झाली तर उशीर झाला. ० ते ३ च्या मापावर दीडच्या पुढे विघटन स्वतःहून वेग घेतं. चित्राची आणि आवाजाची निगेटिव्ह वेगळ्या डब्यांत असते, त्यामुळे दोन्हींचा आकडा वेगळा येऊ शकतो. चित्राच्या दुसऱ्या प्रती, डुप निगेटिव्ह (निगेटिव्हची नक्कल), प्रिंट सापडतात. साउंड निगेटिव्ह बहुधा एकच असते. पट्टी आधी त्या डब्यात टाकावी, आणि आकडा दीडच्या जवळ आला असेल तर स्कॅनिंगच्या रांगेत तो डबा चित्राच्या डब्याआधी घ्यावा.